दस्तात नसलेली ओळ

आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगतो. एका खरेदीखतात जी ओळ मी लिहिली नव्हती, ती मी एका बाईला वाचून दाखवली. एकदा नव्हे, दोनदा. माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. ज्यांच्याकडं मी कारकुनी केली त्या वकिलांना अंदाज असावा. पण अंदाज असूनही न विचारणं यालाच ते वकिली म्हणत, आणि आता तर ते हयातही नाहीत.

सध्या मी धाराशिवला संध्याकाळचा एक वर्ग घेतो. वकिलांकडं नव्यानं लागलेले कारकून, दस्त लिहिणाऱ्यांचे पुतणे-भाचे आणि बारावीनंतर काय करावं ते न सुचलेली पोरं तिथं येतात. विषयाचं नाव 'जमीनजुमल्याच्या कायद्याची तोंडओळख'. पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहितो : मालकी वेगळी, ताबा वेगळा, नोंद वेगळी. पोरं ते खाली लाल रेघ मारून उतरवून घेतात आणि विचारतात, "सर, हे परीक्षेला येतं का?" येतं, म्हणतो. आयुष्यात येतं ते वेगळं, पण त्याला मार्क नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात सांगतो की जमीन म्हणजे नुसती माती नव्हे. वाट, पाणी, पाट हे हक्क जमिनीला जोडून येतात. पण आपोआप येत नाहीत, कागदावर लिहावे लागतात. तिसऱ्या आठवड्यात सांगतो की एकदा दस्त लिहिला की त्याच्या उलट तोंडी बोलणं कोर्टात चालत नाही. याला एक अपवाद आहे, फसवणुकीचा. त्या अपवादाशी आलो की मी घड्याळाकडं बघतो आणि म्हणतो, "हे घरी वाचून घ्या."

घरी कुणी वाचत नाही. ते माझ्या पथ्यावरच पडतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती तेव्हा मी भूमला त्या वकिलांकडं लागलो. मॅट्रिक झालेला, अक्षर चांगलं, आणि थोरल्या भावाच्या रानात राबायची हौस नाही, एवढंच माझं भांडवल. वकिलांचं ऑफिस म्हणजे तहसीलसमोर एक खोली. खोलीत ते, आणि बाहेर लिंबाखाली पोत्यावर मी. पुढ्यात उताराचं लाकडी डेस्क. अर्ज, करारनामे, खरेदीखतं, गहाणखतं, सगळं माझ्या हातून जायचं. वकील मसुदा सांगायचे, मी कच्च्या कागदावर घ्यायचो, ते त्यावर एक नजर टाकायचे, आणि मग मी स्टॅम्पच्या कागदावर पक्का उतरवायचो. पक्क्यावर नजर टाकायची पद्धत नव्हती. अक्षर चांगलं असलेल्या माणसावर लोक फार विश्वास टाकतात. किती मूर्ख समजूत आहे, हे माझ्याइतकं कुणाला कळणार.

आमच्या दस्तांत एक मंत्र असायचा. जमिनीच्या वर्णनानंतर लिहायचं : 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह.' म्हणजे पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, सगळं घेणाऱ्याचं. माळरानाच्या ज्या तुकड्यात कुसळाखेरीज काही उगवत नाही, त्यातही आम्ही निधी-निक्षेप देऊन टाकत असू. घेणारा हे ऐकून मान डोलवायचा. त्याला वाटायचं, झालं, आता काही राहिलं नाही. आमच्याकडच्या माणसांची ही खास चूक. दस्तात जेवढे जड शब्द, तेवढा हक्क पक्का, अशी श्रद्धा. प्रत्यक्षात त्या 'जला'चा अर्थ एवढाच की त्या तुकड्याच्या हद्दीत पाणी असलं तर ते तुझं. शेजारच्या सर्व्हे नंबरातल्या विहिरीतली पाळी त्यात येत नाही. ती नाव घेऊन, दिवस घालून, पाटाची वाट दाखवून लिहावी लागते.

ती बाई ईटच्या बाजूच्या एका खेड्यातली. नवरा बार्शीच्या गिरणीत होता, तो वारला. त्याच्या मागं गिरणीकडून जे आलं त्यातनं तिला रान घ्यायचं होतं. मुलगा पुण्याला एसटीच्या वर्कशॉपला. तिनं आल्या आल्या "जयभीम, वकीलसायब" म्हटलं. वकिलांनी नुसती मान हलवली, आणि मी तर पेनात शाई भरायला लागलो. दुपार होती, आणि पेन भरलेलं होतं.

विकणारा त्याच गावचा, सोसायटीचा चेअरमन. चाळीस-पन्नास एकराचा धनी. लेकीचं लग्न निघालं होतं आणि ओढ्याकाठचा तीन एकराचा तुकडा त्याला काढायचा होता. तुकडा हलका, पण त्याला चेअरमनच्या विहिरीची आठवड्यातून दोन दिवस पाळी होती. वडिलांच्या वेळेपासून त्या तुकड्याला पाणी त्याच विहिरीचं. बाई घेत होती ती त्या दोन दिवसांसाठी. तिनं ते वकिलांपुढं स्पष्ट सांगितलं.

"रान न्हाय घेत म्या, सायब. पाणी घेते. रान त्याच्याबरूबर येतंय."

"का हो मावशी?" वकील हसून म्हणाले.

"बहात्तरला त्याच विहिरीवर घागर घिऊन उभी ऱ्हायची. वरनं कुणी वतंल तवा घरी पाणी. वतणारा जेवाय गेला तर त्याचं जेवण हुईस्तोर उभी. आता माझे दोन दिस असतील. कुणाला 'वता' म्हनायचं न्हाय."

चेअरमन शेजारीच बसला होता. तोही म्हणाला, "बराबर हाय. लिहा वकीलसाहेब, सोमवार-मंगळवार." वकिलांनी सांगितलं, मी कच्च्यावर घेतलं : 'लगतच्या सर्व्हे नंबरमधील विहिरीच्या पाण्याची दर सोमवार व मंगळवार अशी दोन दिवसांची पाळी व पाणी नेण्यासाठी बांधाकडेच्या पाटाचा कायम हक्क खरेदी देणार यांनी खरेदी घेणार यांस दिला आहे.' लांबलचक, ओबडधोबड ओळ. पण तिच्यात एका बाईचं सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी वकील कोर्टात असताना चेअरमन एकटाच आला. पोत्याच्या कडेवर टेकला.

"काय काय लिवलंय, वाच बरं."

वाचलं. पाण्याच्या ओळीशी त्यानं हात वर केला.

"एवढं काढ."

"पण साहेब, काल सगळ्यांसमोर ठरलंय."

"ठरलंय की. म्या कुठं न्हाय म्हनतो? पाणी देतो. माणुसकीनं देतो. पर कागदावर कशाला? भाऊ म्हनतेत, रान गेलं तर गेलं, विहिरीवर त्यांचं नाव लावून घिऊ नको. आज पाळी म्हनतील, उद्या इंजिनला हात लावतील, परवा काठावर धुणं घालतील." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमच्या रानात विहीर हाय ना? तुझा भाऊ चढू देतो का त्यांला तिच्यावर?"

आमच्या विहिरीवरही कुणीतरी वरून ओतायचं. आईनं ओतलेलं मी लहानपणी पाहिलं होतं, आणि त्यात काही वावगं आहे हे मला शाळेनंही कधी शिकवलं नव्हतं. चेअरमनला माझं गप्प बसणं पुरलं.

"ते जल-तरू तेवढं ऱ्हाऊ दे," तो उठताना म्हणाला. "ऐकाय बरं वाटतं. आन हे बघ, आमच्या सोसायटीचे सगळे कागद हितनं पुढं तूच लिवायचे. वकिलाला सांगतो, पोराला खुर्ची द्या म्हनून. असं पोत्यावर किती दिस बसतो?"

एवढीच माझी किंमत. मला दमदाटी झाली नाही, कुणी गळा धरला नाही. मारहाणीची भीती असती तर आज सांगायला काहीतरी सबब तरी असती. एक लोखंडी खुर्ची, तिचाही एक पाय आखूड. पुढं वर्षभर मी त्याखाली कागदाची घडी घालत होतो.

मी पक्का दस्त ती ओळ गाळून लिहिला. सुबक अक्षरात. ओळ गेल्यावर जी जागा उरली तिथं चारी हद्दींची चतुःसीमा ऐसपैस बसली. बघणाऱ्याला वाटावं, किती नीटनेटका दस्त.

मग वाचून दाखवायची वेळ आली. आमच्याकडं दस्ताच्या शेवटी लिहायची रीत आहे : 'दस्त वाचून पाहिला, वाचून ऐकला, तो बरोबर आहे.' ज्याला वाचता येत नाही त्याला लिहिणाऱ्यानं वाचून दाखवायचं. बाई माझ्यासमोर लिंबाखाली उकिडवी बसली. चेअरमन तळहातावर तंबाखू मळत उभा. वकील आत, दुसऱ्या पक्षकाराशी. मी डाव्या हातात कागद धरला आणि उजव्या हाताचं बोट ओळीवरून फिरवत वाचायला लागलो. खरेदी देणार, खरेदी घेणार, सर्व्हे नंबर, जल, तरू, तृण. आता गाळून पुढं जायचं होतं.

मला वाटलं होतं, तिला कळणार नाही. पण ती वाट बघत होती. मान पुढं काढून, डोळे माझ्या तोंडावर. ती ओळ आली नसती तर तिनं तिथंच थांबवलं असतं, वकील बाहेर आले असते, आणि खुर्ची गेली असती. तेव्हा माझ्या तोंडानं आपोआप ती ओळ म्हटली. पाठ होतीच, मीच उतरवून घेतलेली. बोट चतुःसीमेवर आणि आवाज मात्र 'दर सोमवार व मंगळवार'.

ती समाधानानं मागं टेकली. मग म्हणाली, "बाबा, पाण्याचं परत वाच."

मी परत वाचलं. मघाशी बोट कुठं होतं ते आठवेना, म्हणून खाली कुठंतरी ठेवलं. चेअरमनची तंबाखू मळायची थांबली होती. मी वाचून संपवलं तसा तो म्हणाला, "पोराचं वाचणं लई गोड हाय." आणि चिमूट तोंडात टाकली.

बाईनं अंगठा दिला. मग आम्ही रजिस्ट्रारच्या कचेरीत गेलो. तिथं साहेबानं विकणाऱ्याला विचारलं, "दस्त मान्य आहे का?" मान्य आहे, तो म्हणाला. का नसेल? घेणाऱ्याला विचारायची तिथं पद्धत नाही. वर्गात पोरांना मी हे विनोदासारखं सांगतो आणि ती हसतात. मला त्यांचा राग येतो, पण हसवणारा मीच असतो.

पुढं सात-आठ वर्षं काहीच झालं नाही. पाऊस बरा होता, विहिरीला पाणी होतं, सोमवार-मंगळवार बाईच्या रानात पाट वाहायचा. तिनं लसूणघास केला, मिरची केली, एका उन्हाळ्यात भुईमूग केला. बाजारात भेटली की म्हणायची, "तुझ्या हातचा कागद हाय, बाबा." मी हसायचो. हळूहळू मला वाटायला लागलं की आपण काही केलंच नाही. चेअरमन शब्द पाळतोय, मग कागदावर असलं काय नि नसलं काय. ज्याच्या पोटात पाप असतं त्याला लोकांची माणुसकी फार लवकर दिसते.

मग ऐंशीच्या दशकात पुन्हा पावसाच्या ओढीची वर्षं आली. चेअरमनला त्याच विहिरीवर ऊस धरायचा होता. कारखान्याचे शेअर घेतले होते आणि उसाची नोंद लावली होती. एका सोमवारी पाटाच्या तोंडाशी मातीचा बांध आला. बाई विचारायला गेली.

"कागदावर दाखव," चेअरमन म्हणाला.

तिला वाटलं, एवढंच ना. तिनं मुलाला बोलावून घेतलं. त्यानं पेटीतला दस्त काढला, अंगणात बसून वाचला, आणि आईला म्हणाला, "आई, यात पाणी नाही."

ती म्हणाली, "नीट वाच."

त्यानं नीट वाचला.

"तुला वाचाय येत न्हाय," ती म्हणाली. "त्या कारकुनानं दोनदा वाचलंय."

हे त्या मुलानं कोर्टात आपल्या जबाबात सांगितलं, म्हणून मला कळलं. मी बाहेर व्हरांड्यात नाव पुकारायची वाट बघत उभा होतो आणि दार उघडं होतं. वर्कशॉपमध्ये रोज इंजिनाचे नंबर वाचणारा, रजिस्टर भरणारा पोरगा. त्याच्या आईनं त्याच्या वाचण्यावर नाही, माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवला. शेवटी त्यानं जज्जसाहेबांना सांगितलं, "आईचा ऐकण्यात घोटाळा झाला असंल. वय झालंय." तेव्हा तिची साठीही उलटली नव्हती.

दावा तिचा. चेअरमनचे वकील आमचेच. ज्यांच्या खोलीत दस्त झाला तेच त्याच्या बाजूनं उभे. बाईचा वकील नवा, घाबरट पोरगा, ज्याला आमचे वकील भर कोर्टात 'बाळ' म्हणायचे. त्याला अपवाद ठाऊक होता. दस्ताच्या उलट तोंडी पुरावा चालत नाही, पण फसवून दस्त केला असं दाखवलं तर चालतो. दाखवणार कोण, एवढाच प्रश्न होता. कच्चा मसुदा केव्हाच गेला होता. आमच्या ऑफिसात कच्च्या कागदांच्या पाठीवर तारखा लिहायचे आणि मग बंबात घालायचे. ऐकणारी ती, तंबाखू मळणारा चेअरमन, आणि वाचणारा मी.

बाई पिंजऱ्यात उभी राहिली. आमच्या वकिलांनी विचारलं, "तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाय."

"मग दस्तात काय होतं, तुम्हाला काय ठाऊक?"

"यानं वाचलं." तिनं दाराबाहेर माझ्याकडं बोट केलं.

"त्यानं वाचलं म्हणता ते दस्तात नाही."

"मंग त्यानं कुठनं वाचलं?"

कोर्टात हशा झाला. आमचे वकील हसले, शिरस्तेदार हसला, बाकावरचे रिकामटेकडे हसले. सबंध खटल्यातला तोच एक शहाणा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर म्हणून सगळ्यांनी दात दाखवले.

ती म्हणाली, "सायब, त्याचं बोट दोन जागी व्हतं. एकदा वर, एकदा खाली. पाणी एका जागी लिवलं असतं तर बोट दोन जागी कसं?"

तिनं पाहिलं होतं. अक्षर येत नसलेल्या माणसाला कागदावरची जागा दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. साहेबांनी लेखणी उचलली नाही. आमचे वकील म्हणाले, "असंबद्ध आहे, साहेब," आणि ते जबाबात आलं नाही.

मग मी. शपथ घेतली. नव्या वकिलानं विचारलं, "दस्त तुम्हीच वाचून दाखवला?"

"होय."

"जे लिहिलं होतं तेच वाचलं?"

तो माझ्याकडं बघत होता, नको तितक्या आशेनं. त्याला वाटत असावं, कारकून गरीब माणूस, खरं बोलेल. गरीब माणूस खरं बोलतो असं ज्यांना वाटतं त्यांनी कोर्टात उभं राहू नये.

"होय," मी म्हणालो.

आमच्या वकिलांनी उलट एकही प्रश्न विचारला नाही. गरजच नव्हती.

निकाल दोन पानी होता. दस्तात उल्लेख नाही. वहिवाटीचा हक्क म्हणावा तर वीस वर्षं झाली नाहीत. मेहेरबानीनं दिलेलं पाणी हा हक्क नव्हे. कायद्यानं प्रत्येक वाक्य बरोबर. मी तो निकाल अजून वर्गात उदाहरण म्हणून सांगतो, गावाचं नाव न घेता. "बघा," म्हणतो, "एक ओळ लिहिली नाही तर काय होतं." कुणी लिहिली नाही ते सांगत नाही. फळ्याकडं तोंड करून बोलतो. माझ्या मास्तरकीबद्दल लोक बरं बोलतात; उदाहरणं फार जिवंत असतात म्हणे.

त्या तीन एकरांत नंतर पावसावरची ज्वारी व्हायची, कधी तीही नाही. काही वर्षांनी बाई रान तसंच टाकून मुलाकडं गेली. त्यानं बदली घेऊन बार्शीला घर केलं. आजही सातबाऱ्यावर तिचंच नाव आहे. मी काढून पाहिला. मालकी तिची, ताबा तिचा, नोंद तिची, आणि रानात बाभळी. माझ्या पहिल्या दिवसाच्या धड्याचं यापेक्षा चांगलं विडंबन मला जमलं नसतं.

निकालानंतर ती मला एकदाच भेटली, भूमच्या एसटी स्टँडवर. मी तोंड फिरवून गाडीच्या पाटीकडं बघायला लागलो. ती जवळ आली.

"अजून वाचून दावतो का रं लोकांला?"

"मावशी, बसा ना," मी म्हणालो.

"न्हाय बसत. तुझ्या शेजारी कागद असंल." मग मुलाकडं बोट करून म्हणाली, "ह्यो म्हनतो, माझ्या कानात दोष हाय. डाक्टरला दावतो म्हनतो. तूच सांग ह्याला, हाय का?"

मुलगा संकोचला होता. "चल आई," म्हणत होता. तो माझ्याकडं क्षमा मागितल्यासारखं बघत होता, माझ्याकडं. मी फक्त म्हणालो, "गाडी लागली बघा तुमची." गाडी खरोखरच लागली होती. ती माझ्याकडं एकदा बघून चढली, आणि आत जाऊन पलीकडच्या बाजूला बसली.

मी नफ्यातोट्याचा विचार बराच केला आहे. कारकुनाची ती खोड. अपिलाची मुदत कधीच गेली. मी आज खरं सांगितलं तरी ते दोन दिवस परत येतील असं मला वाटत नाही. विहीरच आता आटली आहे असं ऐकतो. चेअरमनच्या मुलांनी बोअर घेतले. कायद्यात याचा उपयोग नाही, ही सबब मी बरीच वर्षं वापरली. ती वापरताना एक गोष्ट सोयीनं विसरलो : बाईनं शेवटी माझ्याकडं पाणी मागितलंच नव्हतं. तिच्या कानात दोष नाही, एवढं मुलाला सांग, असं म्हणाली होती.

ती अजून आहे. बार्शीला मुलाच्या घरी. ऐकायला खरोखरच आता कमी येतं, असं कळतं.

त्या मुलासमोर, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, मी हे सांगण्याचं देणं लागतो : दस्तात पाण्याची ओळ नव्हती, मी ती दोनदा वाचली, कोर्टात मी खोटं बोललो, तुमची आई खरं बोलली. आणि हेच सगळं लिहून, खाली सही करून, त्या मुलाच्या हातात देणं लागतो, म्हणजे त्याला स्वतःला ते वाचता येईल. यातलं मी अजून काहीही दिलेलं नाही.